राणीसावरगावच्या गायरानात पवना

“गवत बघायला? परभणीला?” माझ्या नणंदेनं फोनवर दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं ते तिच्या नवऱ्यानं. वाईत माझ्या ओळखीतली माणसं सुट्टीत कोकणात जातात, फार तर काशीला. मी शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई. गवताचा नाद मला कॉलेजपासूनचा, पण तो घरच्यांनी कधी फारसा मनावर घेतला नव्हता.

बोलावणं आलं होतं ते राणीसावरगावच्या अंगद गुरुजींचं. गंगाखेड तालुक्यातलं हे गाव, बालाघाटच्या माळावरचं. गुरुजी तिथले, तिथल्याच आसपासच्या शाळांत नोकरी करून माझ्याआधी पाचेक वर्षं निवृत्त झालेले. आमची ओळख फक्त फोनवरची. फार पूर्वी मी एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत गाजर गवतावर एक लेख लिहिला होता. परदेशातून आलेलं हे तण आपल्या माळावरचं गवत कसं मारतं आणि त्याचा बंदोबस्त गावानं कसा करावा, असा तो लेख. गुरुजींनी तो वाचून पत्र लिहिलं, मग दर दिवाळीला त्यांचा फोन येत राहिला. गेल्याच्या गेल्या वर्षी म्हणाले, “मॅडम, आमच्या गायरानात पवना उरलाय का, एवढं एकदा येऊन बगा. मला जाऊन बगता येत न्हाई.”

त्यांना का जाता येत नाही, हे मी विचारलं नाही. वयाच्या मानानं गुडघे असतील असं धरून चालले.

पवना हे माळावरचं जुनं गवत. कमरेइतकं वाढतं, मुळं खोल जातात, आणि गुरं ते दुसरं काही समोर असलं तरी आधी खातात. आमच्याकडे पाचगणीच्या उतारावरही आहे. मराठवाड्यातला पवना मात्र मी फक्त कॉलेजच्या सहलीत पाहिला होता. दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी, त्याचं बी झडण्याच्या सुमाराला, मी निघाले.

चारठाणा

वाट थोडी वाकडी करून आधी जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला उतरले. जुनी देवळं बघायची राहून गेली होती. गावात शिरताना घरांमधूनच एकेक देऊळ उभं दिसतं. कुणाच्या गोठ्याला टेकलेलं, कुणाच्या दारासमोरचं. एका उंच कोरीव खांबापाशी मी बराच वेळ मान वर करून उभी राहिले. तिथं एक आजोबा भेटले. पांढरं धोतर, डोक्याला रुमाल. त्यांनी सगळी देवळं पायी हिंडून दाखवली आणि पैसे द्यायला गेले तर रागावले.

“पावण्याकून पैसे घ्यायची रीत न्हाई आमच्यात,” म्हणाले. उलट सुनेला हाक मारून त्यांनी माझ्या हातात एक गुच्छ दिला. चार झेंडू, आणि भोवती बारीक पांढऱ्या फुलांची नाजूक झालर. झालर गाजर गवताची होती.

मी म्हटलं, “आजोबा, हे गाजर गवत आहे. याला हात लावू नका, अंगाला खाज सुटते.”

“असंल की,” ते शांतपणे म्हणाले. “पर दुसरं फूल कुठं ऱ्हायलंय आता? पाऊस पडला की हेच येतंय, उघडला की हेच ऱ्हातंय. देवळाच्या पायरीला बगा, फटीफटीत.”

खरंच होतं. जोत्याच्या दगडांमधून, पायऱ्यांच्या सांध्यांतून तेच उगवलं होतं. गुच्छ त्यांच्यासमोर टाकणं बरं दिसेना. बसमध्ये बसेपर्यंत मी तो पदराच्या टोकानं धरून ठेवला.

राणीसावरगाव

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुजींच्या घरी पोचले. बाहेर चांगलं ऊन होतं. दार उघडलं ते गुरुजींनीच. मनगटापर्यंत बाह्यांचा सदरा, गळ्याभोवती गुंडाळलेला पंचा, डोक्याला कानटोपी. चेहऱ्याची कातडी काळवंडून जाड झालेली, कपाळावर आणि पापण्यांवर आडव्या घड्या. हातांच्या पाठीला भेगा. गुडघे अगदी ठणठणीत होते. भराभर चालत ते मला आतल्या खोलीत घेऊन गेले.

“उन्हात जास्त तकलीफ होते, मनून आत बसायलोय,” एवढंच म्हणाले आणि विषय प्रवासाकडे नेला.

त्यांच्या पत्नी द्वारकाबाई, साठीच्या, सडपातळ, बोलण्यापेक्षा कामात असणाऱ्या. त्यांनी ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, कांदा, शेंगदाण्याची चटणी. येसर म्हणजे धान्यं-डाळी आणि मसाले भाजून केलेलं पीठ. ते उकळत्या पाण्यात सोडलं की झाली आमटी. आमच्याकडे आमटीला गूळ पडतो. इथं तो शब्द काढल्यावर द्वारकाबाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी गप्प जेवले. दुसरी वाटी मात्र मागून घेतली.

जेवण झाल्यावर गुरुजींनी एक फाईल आणली. त्यात माझ्या लेखाचं कात्रण होतं, पिवळं पडलेलं, पुठ्ठ्यावर चिकटवलेलं, काही ओळींखाली लाल शाईनं रेघा मारलेल्या. मला आनंद झाला, हे कबूल करायला हवं. इतकी वर्षं कुणी आपला लेख जपून ठेवतं ही गोष्ट लहान नाही.

संध्याकाळी त्यांच्या मुलाचा लातूरहून फोन आला. बोलणं सगळं ऐकू येत होतं. मुलगा म्हणत होता, आता उन्हाळ्यात इकडे या, डॉक्टरांनी सांगितलंय गाव सोडा म्हणून, किती दिवस कोंडून घेणार आहात. गुरुजी “बगू, बगू” म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, “जावं लागणारच हाय बहुतेक. जायच्या आदी तेवढं गायरानाचं कळावं, मनून तुमाला बोलिवलं.”

गायरानात

सकाळी द्वारकाबाई आणि मी निघालो. गुरुजी गाडीवाटेच्या तोंडापर्यंत आले, वारा कुठून येतोय ते पाहिलं आणि तिथंच थांबले.

गायरान गावापासून दहा मिनिटांवर. दुरून वाटलं, उतारावर कुणी तांदूळ सांडलेत. जवळ गेल्यावर कळलं, सगळं गाजर गवत, छातीपर्यंत आलेलं आणि फुललेलं. कडेला वेडी बाभूळ. गुरांनी या पांढऱ्या रानातून चार-पाच पायवाटा पाडल्या होत्या. त्या सोडून कशालाच त्यांनी तोंड लावलेलं नव्हतं.

मी खाली बसून बुडख्यांमध्ये पाहिलं. पवन्याचे ठोंब होते. बोटभर उंचीचे, खुरटलेले, कातरलेल्या दाढीसारखे. मेलेले नव्हते, पण एकालाही तुरा आला नव्हता.

“इकडं काही न्हाई बगण्यासारखं,” द्वारकाबाई म्हणाल्या. “ओढ्यापल्याड चला.”

ओढ्याला पाणी घोट्याइतकंच होतं, पण काठ पुरुषभर खोल तुटलेले. एका वर्षी परतीच्या पावसात एकाच दिवसात एवढं पाणी आलं होतं की मातीची दरड वाहून गेली, आणि तेव्हापासून गुरांना पलीकडे उतरता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. त्या साडीचा काचा मारून सहज उतरल्या. मी चौथ्या पावलाला घसरले आणि बसल्या जागी थेट पाण्यात गेले. चष्मा सापडला, एक चप्पल सापडली नाही. द्वारकाबाईंनी आपल्या चपला काढून मला दिल्या आणि अनवाणी चढून गेल्या.

वर चढल्यावर मी चप्पल विसरले. पलीकडचा पट्टा फार मोठा नव्हता, दीड-दोन एकरांचा असेल. पण तो सगळा पवना होता. तांबूस, वाळत आलेला, वाऱ्याबरोबर एका अंगाला झुकणारा. त्यात मारवेल गवत होतं, कुसळी होती. कुसळीनं माझ्या साडीच्या निऱ्या अशा शिवून टाकल्या की पुढे दोन दिवस मी कुसळं काढत होते. गाजर गवत इथंही होतं, पण वीतभर, पिवळट, गवताच्या सावलीत मान काढायला जागा न मिळालेलं.

तीच माती, तोच पाऊस, मधे एक ओढा. मी काही सिद्धान्त मांडायच्या आधीच द्वारकाबाई बोलल्या.

“मी लहान हुते तवा पाऊस लागून पडायचा, ताई. गवत वाढायचं, गुरं खायची, परत वाढायचं. आता मिरगात एक पडतो, मंग महिना-महिना गायब. त्या उघडीपीत गुरं काय खाणार? गवतच. पार मुळापोतर खात्यात. त्याला,” त्यांनी पलीकडच्या पांढऱ्या रानाकडे बोट केलं, “त्याला कोण तोंड लावतंय? मंग पितरपाटात, दसऱ्याला लय पाऊस. तवर गवत मेल्यावानी झालेलं, आन् जागा मोकळी. हे परत उगवून फुलाला येतं. वरसातून दोनदा-तीनदा. इकडं गुरं न्हाईत, तर बगा.”

मी पुस्तकांतून जे शिकले, शिकवलं, ते एवढंच होतं, आणि इतक्या सोप्या शब्दांत मी ते वर्गात कधी सांगितलं नव्हतं. एरवी उघडीप खरं तर पवन्याला मानवते. मुळं खोल असतात, तो तग धरतो. पण उघडिपीतली चराई त्याला मोडते, आणि नंतरचा अवेळी पाऊस तणाच्या पथ्यावर पडतो.

“हे गुरुजींना माहीत आहे?” मी विचारलं.

“त्यास्नी कसं म्हाईत असंल? त्यांनी कुठं पायलंय. मी सांगितलं तर मनत्यात, जाणत्या माणसानं बगाय पायजे. धा वरसं झाली, गायरानात पाय न्हाई.”

“त्वचेमुळं?”

“ह्याच्यामुळंच की.” त्यांनी गाजर गवताकडे पाहिलं. मग काही राग न धरता, भाकरीचं पीठ संपलंय असं सांगावं तशा सुरात म्हणाल्या, “तुमचा लेख वाचून उपटायला गेलते. लेखात हुतं ना, फुलायच्या आदी हातानं मुळासकट उपटा. सुट्टी हुती शाळंला. महिनाभर रोज सकाळ-संध्याकाळ एकटेच उपटायचे. फुडच्या वरसी परत. पयले हाताला उठलं, मंग मानंला, मंग तोंडाला. आता नुसतं वाऱ्यानं आलं तरी सुजत्यात. पोरास्नी संगं नेलं न्हाई हे लय बरं झालं.”

मला त्या लेखातलं ते वाक्य आठवलं. आणि हेही आठवलं की त्यात हातमोज्यांबद्दल एक शब्द नव्हता. मला त्या वेळी माहीत नव्हतं असं नाही. जागेचं बंधन होतं, मी दोन परिच्छेद कापले, त्यात ते गेलं.

मी खाली बसले. द्वारकाबाईंना वाटलं मला ऊन लागलं. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

आम्ही परतलो तेव्हा गुरुजी तोंडावर पंचा धरून गाडीवाटेवर तसेच उभे होते. लांबूनच त्यांनी ओरडून विचारलं, “हाय का?”

“आहे,” मी म्हटलं. “ओढ्यापलीकडं भरपूर आहे. अलीकडंही ठोंब जिवंत आहेत.”

ते इतके खूश झाले की मला पुढचं बोलवेना. द्वारकाबाईंनी पवन्याची एक मूठ कापून आणली होती. तिच्यात गाजर गवताची काडी नाही ना, हे त्यांनी एकेक काडी बाजूला करून पाहिलं आणि मगच ती नवऱ्याच्या हातात दिली.

त्या संध्याकाळी

चहा झाल्यावर मी सांगितलं. लेखातून कापलेले परिच्छेद, हातमोजे, सगळं. “माझ्या चुकीनं तुमचं हे झालं, गुरुजी. तुम्ही इतकी वर्षं फोन करत होता आणि एकदाही म्हणाला नाहीत.”

गुरुजी मनगटावर मलम चोळत राहिले.

“पयल्या वरसी राग आलता,” म्हणाले. “खोटं कामून बोलू? पत्र लिवायला घेतलं हुतं, फाडलं. पुन्ना वाटलं, ह्या बाईनं एक गोष्ट सांगितली, ती खरीच हुती. एक सांगायची ऱ्हायली. मी चाळीस वरसं पोरं शिकिवली, मॅडम. माझ्याकून काय काय सांगायचं ऱ्हायलं असंल, कोण येऊन सांगणार हाय मला?”

मला रडू आलं. द्वारकाबाई आतून म्हणाल्या, “आता रडू नका, धपाटे करायलेय.” आणि खरोखर गरम धपाटे आणि दही घेऊन आल्या.

शाळेची ओसरी

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी गावातल्या गुरं असणाऱ्यांना शाळेच्या ओसरीवर बोलावलं. पंधरा-वीस माणसं आली. मला बोलायला सांगितलं. मी द्वारकाबाईंचंच म्हणणं त्यांच्या नावानं सांगितलं, आणि त्यावरून निघणारा उपाय: पुढच्या पावसाळ्यात, उघडिपीच्या काळात, ओढ्याअलीकडचा वरचा अर्धा भाग गुरांना बंद ठेवायचा, आणि पलीकडचं बी आणून तिथं टाकायचं. उपटायचं ते पाऊस झाल्यावर, फुलायच्या आधी, हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधून, आणि उपटलेली जागा रिकामी ठेवायची नाही. हातमोज्यांचं मी दोनदा सांगितलं.

मुंजाजी नावाचा चाळिशीतला माणूस उठला. त्याच्याकडे बारा शेळ्या आणि एक म्हैस, जमीन नाही.

“मॅडम, तुमी उद्या जाणार,” तो म्हणाला. “गुरुजीकडं कडब्याची गंजी हाय. उघडीप पडली तर त्यांची बैलं कडबा खातील. माझ्या म्हशीनं काय खायचं? मला बंद मंजी जनावर बाजारात न्यायचं.”

त्याचं म्हणणं खरं होतं. वाईहून येऊन दुसऱ्याच्या म्हशीची वैरण बंद करायला सांगणं सोपं असतं.

गुरुजी वाऱ्याच्या आड, भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, “मुंजाजी, गंजीतला निम्मा कडबा तुमा बिनजमिनीवाल्यांचा. उघडीप पडली की येऊन न्या. मागायचं न्हाई, न्यायचा.”

बायांच्या बाजूला बसलेल्या द्वारकाबाई ताडकन म्हणाल्या, “आन् आपल्या बैलांनी?”

“एक जोडी कमी करू. मी कुठं औत हाकायलोय आता?”

द्वारकाबाईंचा चेहरा उतरला. बैल त्यांच्या हाताखाली वाढलेले, लाल कंधारी जातीचे, घरच्याच गाईचे. मग त्या म्हणाल्या, “इकायचे न्हाईत. माझ्या भावाकडं द्यायचे,” आणि उठून घरी गेल्या. बोलणी झाली असं सगळ्यांनी धरलं. मुंजाजी मात्र जाताना मला म्हणाला, “एक वरीस बगतो. दोन न्हाई.”

दुपारी आम्ही सहा-सात बाया ओढ्यापलीकडे गेलो आणि ओच्यात मावेल तेवढं बी ओरबाडून आणलं. सगळ्यांच्या हातात जुने पायमोजे घातलेले. गुरुजींनी घरोघर जाऊन ते गोळा केले होते.

नंतरचं

वाईला आल्यावर मी त्या वर्तमानपत्राला दुरुस्तीचं पत्र पाठवलं. इतक्या वर्षांनी ते छापण्यात अर्थ नाही, असं नम्र उत्तर आलं. म्हणून ते इथं लिहिते आहे: गाजर गवताला उघड्या हातानं शिवू नये, आणि उपटल्यावर तिथं गवत येईल याची सोय केल्याशिवाय उपटूही नये.

पहिला पावसाळा फारसा चांगला गेला नाही. उघडीप अपेक्षेपेक्षा लांबली. कडबा संपला. मुंजाजीच्या शेळ्या दोन दिवस आत गेल्या, भांडणं झाली, गुरुजी लातूरला मुलाकडे होते ते फोनवरून समजूत घालत राहिले. बी बरंच वाहून गेलं. तरी जुने ठोंब वाढले, आणि बऱ्याच वर्षांनी ओढ्याअलीकडे पवन्याला तुरे आले. मुंजाजीला ते गवत कापून न्यायचा पहिला मान मिळाला. एक वर्षच बघणार म्हणालेला माणूस दुसऱ्या वर्षी स्वतः वाटेवर काट्या लावत होता, असं द्वारकाबाईंनी कळवलं.

यंदा भादव्यात गुरुजींचा फोन आला. पहाटेपर्यंत पाऊस पडून गेला होता, गावाकडूनच बोलत होते. लातूरहून चार दिवसांसाठी आलोय, म्हणाले.

“मॅडम, आज गायरानात गेलतो.”

मी घाबरले. “आत? का गेलात?”

“वरच्या अंगाला गेलतो. पवना मांडीला लागायलाय. गाजर गवत हाय, पर बारीक हाय, भिजल्यालं हुतं, फुलाची धूळ उडत नव्हती. उभा ऱ्हायलो.”

“किती वेळ? काही त्रास झाला का?”

“झाला की. मान खाजायलीय आता, मलम लावलंय. उद्या जरा सुजंल.” मग थोडं हसून म्हणाले, “आमची मंडळी गाडीवाटंवरून हाका मारत हुती, या आता भाईर, या आता भाईर. मी ऐकू न आल्यावानी केलं.”